चोवीस आणि दोन सूत

तहसीनच्या मावसभावानं गुलमर्गला दोन हंगाम
हॉटेलात भांडी घासली, आणि येताना
थकलेल्या पगारापोटी दोन जोड बूट उचलून आणले.
बर्फावरच्या फळीचे.
साखर पेठेतल्या आमच्या ओट्यावर ठेवले तेव्हा
पोरं म्हणाली, चंद्रावर चाललीस काय बे अक्का?

मी एवढंच म्हटलं होतं, जानेवारीत शिकायला जाणार.
चौतिसाव्या वर्षी.
टॉवेलातला सुटलेला धागा हुडकून हुडकून
जमवलेल्या पैशांवर.

आधी मोठा जोड घातला. सवयीनं.
आमच्या घरात पायाच्या मापाचं कुणी काही घेतलंच नाही.
वाढता पाय आहे, अम्मा म्हणायची,
आणि पुढच्या पोकळीत कापूस.
श्रीहरीचे बूट माझ्याकडे आले तेव्हा कापूस जास्त.
पाय वाढायचा थांबला,
कापूस थांबला नाही.

सिव्हिलच्या मागं इरण्णा बसतो.
साखरवाल्यांचे, पोलिओवाल्यांचे बूट करतो,
एक टाच दीड इंच उंच, दुसरी नाही.
बर्फ त्यानं पाहिलाय तो लादीचा, भुशात गुंडाळलेला.
त्यानं बुटात हात घातला कोपरापर्यंत
आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.
मग विचारलं,
ह्यात चालायचं असतंय, का पडायचं?
पहिले तीन दिवस पडायचंच, म्हटलं.
मग टाच उठता कामा नये.

कागदावर उभं केलं. कानावरची पेन्सिल पायाभोवती फिरली,
गुदगुल्या झाल्या, हसले नाही.
चोवीस सेंटिमीटर, वर दोन सूत.
सूत म्हटल्यावर मला आठ तासांची पाळी आठवली,
पण हे सूत माझं होतं,
माझ्या अंगठ्याच्या पुढचं.

लहान जोड. दोन मोज्यांवर.
एक काढ, म्हणाला, लोकर जास्त झाली की पाय आत पोहतोय.
काढला. बोटं पुढच्या भिंतीला लागली.
टोचलालंय का?
लागतंय.
लागू दे. आता गुडघे वाकव, आडात वाकून बघतेस तशी.
वाकवले.
टाच मागं सरकून खोबणीत बसली,
बोटं भिंतीपासून सुटली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुठल्यातरी वस्तूनं
मला मागून धरलं होतं.

फक्त उजव्या घोट्याचं हाड,
सातवीत सायकलवरून पडले तेव्हाचं,
ते आतल्या अस्तराला मान्य नव्हतं.
इरण्णानं अस्तर चिमटीत धरून पाहिलं.
फेसाचं आहे. ऊब दिली की ऐकंल.
ऊन काय आपल्याकडं कमी आहे?

एप्रिल. त्रेचाळीस.
आतले मऊ बूट काढून बिस्किटाच्या काळ्या डब्यात,
डबा पत्र्यावर, दुपारी दीड ते अडीच.
शेजारच्या कोंगारी वहिनी कुरडया उलटताना म्हणाल्या,
काय वाळत घातलंयस?
बर्फ, म्हटलं.
मग ते तापलेले पायात, वरून कडक बूट, दोऱ्या करकचून,
जिन्याच्या सावलीत दहा मिनिटं उभी.
पोटऱ्यांवरून घाम आत उतरत होता.
पहिल्या रविवारी काही नाही.
दुसऱ्या रविवारी दोरी घोट्याशी घट्ट
आणि बोटांवर सैल बांधायची हे कळलं.
तिसऱ्या रविवारी हाड आत गेलं.
घर सापडलेल्या मांजरासारखं, न विचारता.

फळी नाही अजून. ती तिथं भाड्यानं मिळते.
तोवर जेवायचा पाट, आणि त्यावर मी,
गुडघे वाकवून, गच्चीवर, दिवे गेल्यावर.

अम्मा वर आली. बूट बघून म्हणाली,
जरा मोठे घ्यायचे होतेस.
मी बाहेरचा काढला, अस्तरातला पाय तिच्या पुढे केला.
तिनं अंगठा दाबला, आम्ही लहान असताना
दुकानात दाबायची तसाच, टोकाशी.
पोकळी नव्हती.
पुन्हा दाबला. मग अंगठा तिथंच राहिला.

किती थंडी असते गं तिकडं?
उणे दहा.
ती बोटांवर मोजायला लागली,
त्रेचाळीसपासून खाली.